शंभरात एक्क्याण्णव

ब्रॅडविन कॉलेजात पदवीनंतरचे पूर्वतयारीचे वर्ष पूर्ण करून ज्यांनी डेंटल स्कूलला अर्ज केले, त्यांपैकी गेल्या सात वर्षांत शंभरात एक्क्याण्णव जणांना प्रवेश मिळाला. त्याच कॉलेजात, त्याच प्राध्यापकांच्या हाताखाली, तीच पुस्तके वाचून पदवीनंतर थेट अर्ज करणाऱ्यांपैकी त्याच सात वर्षांत शंभरात त्रेपन्न जणांना मिळाला. पूर्वतयारीच्या वर्षाला येणाऱ्यांचे आधीचे गुण या दुसऱ्या गटापेक्षा कमी असतात.

या दोन आकड्यांबद्दल मला पहिल्यांदा विचारले ते माझ्या भाचीने, मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी, चर्चच्या तळघरात. ईस्टरआधीचा लेंटचा उपवास चालू होता आणि बफेलोतली निम्मी कुटुंबे त्या दिवशी संध्याकाळी तळलेल्या माशासाठी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या तळघरात रांगेत उभी असतात. आमच्या रांगेच्या शेवटी दातांचे डॉक्टर आर्मंड फिओरे ॲप्रन बांधून कोबीची कोशिंबीर आणि कडक राय पाव वाढत होते. माझी बहीण डोलोरेस, तिची मुलगी बर्नाडेट आणि मी ताटे घेऊन त्यांच्यासमोर आलो.

"दोन तुकडे घे, लेन," फिओरे मला म्हणाले. "माझ्या पेशंटांना हा पाव मी मुद्दाम स्वतःच्या हाताने वाढतो. सोमवारी अपॉइंटमेंटा भरतात."

बर्नाडेट, म्हणजे आमची बर्नी, फिओरेंकडे मदतनीस होती. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीजवळ लाळ ओढणारी नळी धरणे, सिमेंट कालवणे, साच्याचा लगदा जबड्यात बसवणे, एक्स-रे काढणे, आणि हे सगळे डॉक्टरने तोंड उघडण्याआधी करणे, हे तिचे काम. सव्वीस वर्षांची होती. पदवी घेतल्यापासून तिथेच होती.

आम्ही टेबलाशी बसल्यावर तिने मासा बाजूला सारला आणि माझ्यासमोर दोन कागद ठेवले.

"मामा, मला फक्त हो की नाही एवढंच सांग."

"प्रश्न ऐकल्याशिवाय?"

"ऐकलंस?" डोलोरेस तिला म्हणाली. "याच्याकडे मीठ मागितलंस तरी हा किती ग्रॅम ते विचारेल. लहानपणापासून असाच आहे. आईने जेवायला हाक मारली की विचारायचा, आत्ता की पाच मिनिटांनी."

"तो फरक महत्त्वाचा असतो," मी म्हणालो.

पहिला कागद आमच्या भागातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजचा होता. तीन वर्षे प्रतीक्षायादीत राहिल्यावर बर्नीला दंत-हायजिनिस्टच्या, म्हणजे दात साफ करणाऱ्या तंत्रज्ञाच्या, अभ्यासक्रमात जागा मिळाली होती. दोन वर्षांचा अभ्यास, मग परवाना, मग स्वतःची खुर्ची, आयुष्यभराची नोकरी. उत्तर पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवे होते. न कळवल्यास नाव यादीच्या तळाशी जाणार होते.

दुसरा कागद आमच्या ब्रॅडविनचा होता. पूर्वतयारीचे एक वर्ष, सगळे पोस्ट-बॅक म्हणतात ते. ज्यांना डॉक्टर किंवा दंतवैद्य व्हायचे आहे पण पदवीचे गुण कमी पडले, त्यांनी एक वर्ष पुन्हा कठीण विज्ञान विषय घ्यायचे आणि आपण बदललो आहोत असे दाखवायचे. कागदावर मोठ्या अक्षरांत एक्क्याण्णव टक्के छापले होते.

"हे खरं आहे का?" बर्नीने त्या आकड्यावर बोट ठेवले. "तू तिथे शिकवतोस. शिफारस समितीवरही आहेस. हे खरं असेल तर मी हायजिनिस्टची जागा सोडते. खोटं असेल तर नाही सोडत. बाकी सगळं मी पाहीन."

फिओरे कोशिंबिरीचा डाव घेऊनच आमच्या टेबलापाशी आले.

"माझं मत कुणी विचारलेलं नाही, पण मी सांगतो. जागा घे, बर्नी. दोन वर्षांत तुझी स्वतःची खुर्ची." मग ते माझ्याकडे वळले. "पण हेही ऐकून ठेव, लेन. आमच्या खुर्चीजवळ चार हात असतात, त्यातले शहाणे दोन हिचे. गेल्या महिन्यात एका दाढेतली भेग हिला एक्स-रेत दिसली, मला नाही. मी नुसती दाढ भरायला निघालो होतो. पेशंटसमोर तिनं मला फक्त आरसा दिला आणि थांबली. तीस वर्षांत मला कुणी इतक्या सभ्यपणे मूर्ख म्हटलं नव्हतं."

"डॉक्टर, मी मूर्ख म्हटलं नव्हतं."

"आरसा तसाच दिला होतास."

आमच्या घराण्यात कुणी डॉक्टर झालेले नाही. डोलोरेसचा नवरा स्टॅन पोलाद कारखान्यात होता आणि बर्नी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला पक्षाघात झाला. त्या सहामाहीत तिने सेंद्रिय रसायनशास्त्र घेतले होते. ती त्यात नापास झाली. पुन्हा बसली आणि काठावर सुटली. देशभरातले अर्ज ज्या केंद्रीय कार्यालयातून जातात तिथे दोन्ही निकाल मोजले जातात. पहिला पुसला जात नाही. स्टॅन पुढच्या वर्षी गेला. निकाल राहिले.

मी कागदी रुमालावर हिशेब केला. तिच्या विज्ञानाच्या साठ श्रेयांकांची सरासरी चारांपैकी २.८१ होती. पूर्वतयारीच्या वर्षात तीस श्रेयांक मिळतात. त्या तीसही श्रेयांकांत तिला पूर्ण गुण मिळाले तरी एकूण सरासरी ३.२१ होणार होती. डेंटल स्कूलला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी याहून बरीच वर असते.

"हे बघ," मी म्हणालो. "एका वर्षाने भूतकाळ एवढाच हलतो."

"मग एक्क्याण्णव कसे?"

हा प्रश्न बरोबर होता. मी तिला सांगितले की बुधवारपर्यंत थांब, मी तपासतो.

तपासण्याची माझी एक पद्धत आहे आणि तिच्यावर मी पगार घेतो. मी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवतो. आकडा आश्चर्यकारक वाटला की पहिली शक्यता ही, की तो खोटा आहे. सोमवारी मी नोंदणी कार्यालयात गेलो. सात वर्षांत पूर्वतयारीच्या वर्षातून डेंटल स्कूलला अर्ज करणारे अठ्ठ्याहत्तर. प्रवेश मिळालेले एकाहत्तर. मी नावे मागितली. त्यांतले बारा विद्यार्थी मला नीट आठवत होते आणि अकरांचे पुढे काय झाले ते मला ठाऊक होते. बाराव्या मुलीचा शोध घेतला. ती ओहायोत तिसऱ्या वर्षाला होती. आकडा खरा होता.

मग कारण. शिकवणारे वेगळे नव्हते. दोन्ही गटांना संख्याशास्त्र मीच शिकवत होतो. प्रयोगशाळा तीच, तिथला बंद पडणारा तोलकाटाही तोच. मुलाखतीचा सराव होता, पण तो पदवीच्या विद्यार्थ्यांनाही होता. प्रवेश देणाऱ्या शाळांशी कोणताही करार नव्हता. उरले ते विद्यार्थी स्वतः. हे लोक पंचवीस-तीस वर्षांचे असतात, नोकरी करून आलेले असतात, पहिल्या बाकावर बसतात आणि तास संपल्यावर थांबतात. प्रवेश समित्या सरासरीपेक्षा शेवटच्या वर्षाची चढती रेषा पाहत असाव्यात, असे स्पष्टीकरण मला सुचले. ते मला आवडले. आवडलेल्या स्पष्टीकरणाची तपासणी दुप्पट करावी असे मी दर ऑगस्टमध्ये पहिल्या तासाला सांगतो.

बुधवारी मी बर्नीला फोन केला.

"आकडा खरा आहे. मी नावांसकट पाहिला."

"म्हणजे हो?"

"माझा रुमालावरचा हिशेबही खरा आहे. पण तो हिशेब म्हणतो की होऊ नये, आणि एकाहत्तर माणसं म्हणतात की होतं. हिशेब आणि माणसं यांत विरोध आला तर माणसं मोजायची."

"मामा, आकडेमोड नको. सरळ बोल."

नेमके असे ती म्हणाली नाही. तिचे शब्द याहून तिखट होते आणि तिच्या आजीच्या पोलिशमध्ये होते. अर्थ एवढाच, की सरळ बोल.

"हो," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी तिने हायजिनिस्टची जागा सोडली.

मी पूर्वतयारीच्या वर्षाच्या संचालिका विनिफ्रेड हास यांना त्याच आठवड्यात कळवले की माझी भाची पुढच्या वर्गात येते आहे, तेव्हा मी समितीतून बाजूला होतो. त्या हसल्या. "लेन, तुमच्यासमोर नाव येतच नाही. क्रमांक येतो. तुम्हीच ती पद्धत बसवलीत." ते खरे होते. नावे पाहून माणसे वंश, गाव आणि बाप ओळखतात, म्हणून नावे काढून टाका असा ठराव मीच मांडला होता. मी समितीवर राहिलो.

ऑगस्टमध्ये बर्नी वर्गात आली. माझ्या तासाला ती तिसऱ्या रांगेत बसे आणि मला प्रोफेसर म्हणे. बाहेर पडल्यावर मामा. तिच्या हातात कायम साबणाची वडी आणि एक बोथट पटाशी असे. डेंटल स्कूलला लागणारे हाताचे कसब दाखवायला ती साबणातून दाढा कोरायची. डोलोरेसच्या न्हाणीघरात सहा महिने अंघोळीला दाढा होत्या.

"एवढ्या अक्कलदाढा वापरून संपवल्या," डोलोरेस मला एकदा म्हणाली, "पण अक्कल काही आली नाही. मुलगी चांगली नोकरी सोडून साबण कोरते आणि भाऊ म्हणतो, एक्क्याण्णव."

जैवरसायनशास्त्रात बर्नी मागे पडली आणि वर आली. वर्षाची सरासरी ३.४६ झाली. प्रवेश परीक्षेत तिला रसायनशास्त्रात मध्यम आणि आकृत्या-कोन ओळखण्याच्या भागात फार चांगले गुण मिळाले. हे मला नंतर कळले. त्या वेळी मी विचारले नाही, कारण विचारणे योग्य नव्हते.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी समिती बसली. समितीचे काम साधे आहे. जूनमध्ये देशभर अर्ज सुरू होतात. त्याआधी कॉलेजने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक पत्र लिहायचे, ज्यात कॉलेज एकमुखाने त्याची शिफारस करते. कुणासाठी लिहायचे ते आम्ही तिघे ठरवतो: रसायनशास्त्राचे हार्लन प्रुइट, जीवशास्त्राच्या मिरियम ॲब्राम्स आणि मी. पहिली चाळणी एका तक्त्यावर होते. त्या वर्षी एकतीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत क्रमांक, वर्षाची सरासरी, प्रवेश परीक्षा आणि दंतवैद्याकडे निरीक्षण केल्याचे तास. प्रत्येकाने आपापल्या तक्त्यावर "होय" किंवा "अद्याप नाही" अशी खूण करायची. दोन "अद्याप नाही" झाले की ओळ बंद.

"अद्याप नाही" हा शब्दप्रयोगही माझाच. "नाही" फार कठोर आहे आणि सिद्धही करता येत नाही.

माझी समजूत अशी होती की पत्र न मिळालेले विद्यार्थी दोन-तीन प्राध्यापकांची वेगवेगळी पत्रे घेऊन अर्ज करतात, जसे पदवीचे विद्यार्थी करतात. आमचे पत्र हा त्यांच्या पारड्यात टाकलेला जादा दगड, एवढेच. ही समजूत मी कुणाला विचारून तपासली नव्हती. मला ती इतकी उघड वाटत होती.

एकोणिसाव्या ओळीवर मी थांबलो. सरासरी ३.४६, आमची न लिहिलेली रेषा ३.५ ची होती. इतक्या जवळच्या ओळीत मी बाकीचे रकाने पाहतो. परीक्षेचे गुण बरे होते. निरीक्षणाचे तास: ९४००.

त्या तक्त्यावर बाकी तीस जणांचे तास ऐंशी ते अडीचशेच्या दरम्यान होते. नऊ हजार चारशे म्हणजे कुणीतरी शून्ये जास्त मारली होती, किंवा विद्यार्थ्याने थाप मारली होती. मी समासात प्रश्नचिन्ह काढले आणि लिहिले: "माहिती विश्वासार्ह नाही." मग खूण केली. अद्याप नाही. एकतीस ओळींना मला पन्नास मिनिटे लागली.

जूनच्या दुसऱ्या रविवारी मी डोलोरेसकडे जेवायला गेलो. तिने कोबीत गुंडाळलेले खिम्याचे गोळे केले होते, म्हणजे काहीतरी बिनसले होते. ते करायला तीन तास लागतात आणि ती फक्त रागावली असताना करते. बर्नी मागच्या पायरीवर बसली होती.

"पत्र नाही मिळालं," ती म्हणाली.

"तर पत्राशिवाय अर्ज कर. मिरियम तुला पत्र देईल, फिओरे देतील. मी भाचीला देऊ शकत नाही, पण प्रुइट—"

"मामा, तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

ती आत गेली आणि एक कागद घेऊन आली. प्रवेश घेताना ऑगस्टमध्ये तिने त्यावर सही केली होती. पाचवे कलम असे होते: समितीचे पत्र न मिळाल्यास विद्यार्थी त्या वर्षी अर्ज करणार नाही, केल्यास कॉलेजचा कोणताही प्राध्यापक त्याच्यासाठी पत्र देणार नाही.

"तरीही केला तर?" मी विचारले.

"अर्जात पहिलाच प्रश्न आहे. तुमच्या कॉलेजात समिती आहे का? असेल तर तिचं पत्र का नाही? तिथे काय लिहू? माझ्या मामाला विचारा?"

"सही करताना वाचलं नाहीस?"

"वाचलं. पण मला वाटलं शंभरात एक्क्याण्णव जणांना ते मिळतं. तूच म्हणालास ना, माणसं मोजायची."

डोलोरेसने ताट माझ्यासमोर आदळले. "जेव. मोजून जेव."

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी विनिफ्रेड हास यांच्या दारात उभा होतो. त्यांच्या टेबलावर पुढच्या वर्षाचा छापील कागद होता. त्यावर त्र्याण्णव होते.

"सात वर्षांत वर्गात नाव घातलेले किती?" मी विचारले.

"कशासाठी?"

"भाजकासाठी."

त्यांनी संगणकावर पाहिले. त्या कधीही माहिती लपवत नाहीत. कुणी विचारत नाही, एवढेच. "डेंटलचे दोनशे बारा."

"आणि पत्र मिळालेले?"

"अठ्ठ्याहत्तर."

अर्ज करणारे अठ्ठ्याहत्तर, हा आकडा मला पंधरा महिन्यांपूर्वीच मिळाला होता. दर मे महिन्यात माझ्यासमोर तीसेक ओळी येत होत्या, हेही मला ठाऊक होते. तीस गुणिले सात. हा गुणाकार माझे पहिल्या सहामाहीचे विद्यार्थी तोंडी करतात.

"उरलेल्या एकशे चौतीसांना तुम्ही अर्ज करू दिला नाही."

"आपण करू दिला नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्याच भल्यासाठी. अर्ज नाकारला गेला की माणूस खचतो, लेन. आपण त्यांना त्यातून वाचवतो. त्यांना हवं तर आणखी एक सहामाही इथे काढून पुन्हा समितीपुढे येतात."

"नकार द्यायचा तर तो डेंटल स्कूलने द्यावा. ते त्यांचं काम आहे."

"आणि आकडा त्रेपन्नावर आला, तर पुढच्या वर्षी वर्गात कोण बसेल? वर्ग भरला नाही तर तुमच्या संख्याशास्त्राच्या दोन तुकड्यांतली एक मी कोणत्या तोंडाने चालू ठेवू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. दुसरी तुकडी मला हवी होती.

"बर्नाडेट शिमिकचा पुन्हा विचार करा," मी म्हणालो. "मी त्यात मत देणार नाही."

"ओळी बंद झाल्या की मी उघडत नाही. उघडली तर नियम कसला?" तरी त्यांनी फाइल काढली. बहुधा मला समजवावे म्हणून. तिन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि बोट एका ओळीवर नेले. "प्रुइट: अद्याप नाही. मिरियम: होय. आणि तिसरा..." त्यांनी तक्ता माझ्याकडे फिरवला. "हे अक्षर तुमचं आहे ना?"

समासात माझे प्रश्नचिन्ह होते.

त्यांनी ते तक्ते परत फाइलीत घातले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी दया म्हणून नोंदवतो, कारण दुसरा शब्द मला सापडत नाही.

दुपारी मी फिओरेंच्या दवाखान्यात गेलो. बर्नी गेल्यापासून खुर्चीजवळ दोन मुली आलटून पालटून येत होत्या. त्यांना काढून तिला परत घेणे त्यांना जमणारे नव्हते. त्यांनी तिला बाहेरचा फोन दिला होता. ती काचेच्या खिडकीमागे बसून लोकांना तारखा देत होती. एक बाई गाल धरून आली, तर तिचा जबडा पाहण्यासाठी बर्नी खुर्चीतून अर्धी उठली आणि मग खाली बसली.

जेवणाच्या सुटीत आम्ही गाड्यांच्या तळावर उभे राहिलो. मी तिला सगळे क्रमाने सांगितले: अठ्ठ्याहत्तर, दोनशे बारा, पाचवे कलम. मग एकोणिसावी ओळ.

"नऊ हजार चारशे," मी म्हणालो. "मला ती टंकनाची चूक वाटली."

"आठवड्याला चाळीस तास," ती म्हणाली. "वर्षाला सत्तेचाळीस आठवडे. पाच वर्षं. फॉर्म भरताना मी दोनदा गुणाकार केला, मामा. म्हटलं, समितीवर मामा आहे, बरोबरच असायला हवा."

"नाव नव्हतं."

"पाच वर्षं मी कुठे होते हे तुला माहीत नव्हतं? दर शुक्रवारी ज्याच्या हातचा पाव खातोस त्याच्याकडे होते." ती रडत नव्हती. तिच्या आवाजात तीच सभ्यता होती, जिच्याबद्दल फिओरे बोलले होते. "इतके तास कुणाचे असू शकतात, असं तू एकदा तरी विचारायचं होतंस. पेशंटच्या तोंडात न बसणारं काही दिसलं तर मी आधी पुन्हा बघते. तू खोडलंस."

"मी आणखी एक सहामाही—"

"नको. हायजिनिस्टच्या यादीत परत नाव घातलंय. एकशे अठरावी आहे." आत फोन वाजू लागला. "आणि मामा, ते वर्ष केल्याने प्रवेशाची शक्यता वाढते का, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर आता तरी मिळालं का तुला?"

"नाही," मी म्हणालो.

"चांगला शिक्षक आहेस तू," ती म्हणाली आणि फोन घ्यायला आत गेली.

मी समितीचा राजीनामा दिला. हास यांनी तो आभार मानून स्वीकारला आणि माझी जागा आठवड्यात भरली. त्र्याण्णवचा कागद जुलैमध्ये छापून बाहेर पडला. मी प्राध्यापक सभेत भाजकाचा मुद्दा मांडला, तो इतिवृत्तात नोंदला गेला, आणि पुढचा विषय गाड्या लावण्याच्या जागेचा होता. मिरियमने मला नंतर सांगितले की एकोणिसाव्या ओळीला तिने होय म्हटले, कारण नऊ हजार चारशे हा आकडा खरा असला तर त्या माणसाला भेटायलाच हवे, असे तिला वाटले होते.

पहिल्या परिच्छेदातल्या आकड्यांचे कारण आता लिहिता येते. पूर्वतयारीच्या वर्षाला दोनशे बारा जण आले. त्यांपैकी ज्यांना प्रवेश मिळेल असे समितीला आधीच वाटले, त्या अठ्ठ्याहत्तरांनाच अर्ज करू दिला गेला, आणि त्यांतल्या एकाहत्तरांना प्रवेश मिळाला. उरलेल्या एकशे चौतीसांना अडवले गेले आणि अर्ज न केलेले म्हणून ते मोजणीबाहेर राहिले. पदवीच्या विद्यार्थ्यांना असे कोणी अडवत नाही, म्हणून त्यांचे त्रेपन्न. वर्गात आलेल्यांवरून मोजले तर तिघांत एकाला प्रवेश मिळतो. हे वर्ष न करता त्यांतल्या किती जणांना मिळाला असता, ते कोणी मोजलेले नाही, आणि आता मोजता येणार नाही. ज्यांच्यावरून ते कळले असते त्यांचे अर्ज गेलेच नाहीत. अडवणाऱ्या तिघांपैकी एक मी होतो. बर्नाडेट शिमिकची ओळ माझ्या मताने बंद झाली. तिच्याजवळ जे सर्वांत जास्त होते, ते इतरांपेक्षा फारच जास्त असल्यामुळे मी ते चूक धरले.